पॅटागोनियात दोन गाड्यांनी गटप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅटागोनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेचं दक्षिण टोक, चिली आणि अर्जेंटिना या दोन देशांत पसरलेलं. इथली माहिती तिथल्या एका ठरावीक मार्गाची आहे. चिलीत पुएर्तो मोंतला गाड्या ताब्यात घ्यायच्या आणि रुता ७, म्हणजे कारेतेरा आउस्ट्राल या महामार्गाने दक्षिणेला कोक्रेनपर्यंत उतरायचं. थोडं मागे येऊन हेनेराल कारेरा तलावाच्या दक्षिण काठाने चिले चिको गाठायचं आणि सीमा ओलांडून अर्जेंटिनात लोस आंतिग्वोसला जायचं. तिथून रुता ४० ने एल चाल्तेन आणि एल कालाफाते, मग पुन्हा सीमा ओलांडून चिलीतलं पुएर्तो नातालेस, तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यान आणि शेवटी पुंता आरेनासला गाड्या परत. आडवाटा धरून ३,००० ते ३,५०० किमी होतात. सहा ते आठ जणांचा गट डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

किती दिवस लागतात?

एकवीस दिवस ठेवा. अठरा दिवसांत होतं, पण मग एखादी फेरी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, चुकली की पुढची सगळी बुकिंगं कोसळतात. मुंबई-पुणे-नाशिक असा हिशोब करून 'रोज चारशे किमी सहज' असं कागदावर मांडू नका. खडीच्या रस्त्यावर थांबे धरून ताशी ३५ ते ४५ किमीची सरासरी पडते. म्हणजे २५० किमी हा अख्खा दिवस. डांबरी टप्प्यांवर ३५० किमीपर्यंत जाता येतं, तेही वारा बरा असेल तर. आखणीत दोन दिवस पूर्ण मोकळे सोडा: एक रुता ७ वरच्या कोयाइके शहराच्या आसपास, गाडीच्या दुरुस्तीसाठी आणि कपडे धुण्यासाठी, दुसरा एल चाल्तेनला, कारण ३,४०५ मीटरचं फिट्झ रॉय शिखर ढगांतून कधी बाहेर येईल याचा भरवसा नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत जावं, नाताळात की मे महिन्यात?

मे महिना सोडा. तिथे तेव्हा हिवाळा तोंडावर असतो, दिवस लहान होतात, फेऱ्या कमी होतात आणि बरीच राहण्याची ठिकाणं बंद असतात. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर चालेल. गर्दी कमी असते, पण थंडी आणि वारा दोन्ही जोरात. नाताळ ते फेब्रुवारी हा भर हंगाम. रात्री दहापर्यंत उजेड राहतो, पण फेरीची तिकिटं आणि खोल्या तीन-चार महिने आधी घ्याव्या लागतात. आम्हाला विचाराल तर मार्चचे पहिले तीन आठवडे सगळ्यात चांगले: वारा थोडा उतरतो, गर्दी ओसरते, आणि महिनाअखेर लेंगाची झाडं तांबूस व्हायला लागतात.

उन्हाळा म्हणजे दिवसा १२ ते २० अंश आणि रात्री ३ ते ८. उंचीची भीती बाळगू नका. मार्ग जवळजवळ सगळा हजार मीटरच्या खालीच आहे, त्यामुळे पेरू-बोलिव्हियासाठी घेतात त्या गोळ्या इथे लागत नाहीत.

आठ जण आहोत. एक मोठी व्हॅन घ्यावी की दोन गाड्या?

दोन गाड्या. चौघे-चौघे, प्रत्येक गाडीत किमान दोन चालक.

व्हॅनमध्ये सगळे एकत्र बसतात हे खरं, पण नऊ आसनांच्या व्हॅनमध्ये आठ माणसं बसली की एकवीस दिवसांचं सामान ठेवायला जागाच राहत नाही. मग टपावर कॅरियर लावलं जातं. आधीच उंच असलेली गाडी आणखी उंच होते, आडव्या वाऱ्यात डोलते आणि खडीवर उलटण्याचा धोका वाढतो. शिवाय एकच गाडी बिघडली की आठही जण रस्त्यावर. दोन गाड्या असतील तर एक पुढच्या गावात जाऊन टायर किंवा मदत आणू शकते. मोबाइलला रेंज नसलेल्या शंभर किमीच्या पट्ट्यात या एका गोष्टीला फार मोल आहे.

दोन गाड्यांचे नियम निघण्याआधीच ठरवा. प्रत्येक फाट्यावर पुढच्या गाडीने मागची दिसेपर्यंत थांबायचं. खडीवर दोघींत ३०० ते ५०० मीटर अंतर ठेवायचं, नाहीतर मागच्या चालकाला धुळीशिवाय काही दिसत नाही आणि काचेवर दगड येतात. दर दोन तासांनी चालक बदलायचा. प्रत्येक गाडीत एक वॉकीटॉकी हवाच. जॅक, पाना, हवेचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी दोन्ही गाड्यांत वेगवेगळी असावी. 'सगळं त्या गाडीत आहे' हे वाक्य ऐकू येतं तेव्हा ती गाडी हमखास चाळीस किमी पुढे गेलेली असते.

फोर बाय फोर लागेलच का?

या मार्गाला नाही. जमिनीपासून उंच असलेली साधी एसयूव्ही पुरते. फोर बाय फोरच्या जादा भाड्याचे पैसे चांगल्या टायरवर आणि पूर्ण विम्यावर खर्च करा. लहान हॅचबॅकने जाणारेही बरेच असतात, पण चार माणसं आणि सामान भरलं की तिचं पोट खडीच्या उंचवट्याला घासतं.

गाडी भाड्याने घेताना नेमकं काय पाहायचं?

स्टेपनी. ती पूर्ण आकाराची आहे का, तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना गाडीत आहेत का आणि पाना नटांना बसतो का. कार्यालयाच्या आवारातच एक चाक सैल करून पुन्हा घट्ट करून पाहा. पाच मिनिटं जातात. चोरी होऊ नये म्हणून एखादा नट वेगळा बसवलेला असेल तर त्याची किल्ली कुठे आहे ते विचारा.

दोन परावर्तक त्रिकोण, अग्निशामक आणि परावर्तक जाकीट तपासा. चिलीत जाकीट आणि अर्जेंटिनात त्रिकोण व अग्निशामक पोलीस मागतात. पुढची काच, चारही टायरांच्या कडा आणि दारांच्या बिजागऱ्या यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

विम्याच्या कागदात चार गोष्टी शोधा: टायर, काच, गाडीचा खालचा भाग आणि खडीवर गाडी उलटणं. नेहमीच्या विम्यातून हेच वगळलेलं असतं, आणि इथे नुकसानही नेमकं याचंच होतं. वाऱ्याने दार उलटं वाकणं पुष्कळदा कुठल्याच विम्यात बसत नाही.

गाडी घेतली त्याच देशात सोडायची. पुएर्तो मोंतला घेऊन पुंता आरेनासला सोडण्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते बरेच असतात, पण त्या बदल्यात सुमारे दोन हजार किमीचा परतीचा प्रवास वाचतो.

भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेता येते का?

येते, पण आधी परवानगी काढावी लागते. भाडे कंपनी गाडी देशाबाहेर नेण्याचं अधिकारपत्र नोटरीकडून करून देते आणि त्यासोबत अर्जेंटिनात चालणारा विमा देते. याला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा. हातात पत्र आलं की गाडीचा नंबर, सगळ्या चालकांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, आणि कोणत्या तारखांना किती वेळा बाहेर जायची मुभा आहे हे वाचून घ्या. एका चालकाचं नाव राहिलं तर अर्जेंटिनात त्याला गाडी चालवता येत नाही. दोन गाड्या म्हणजे दोन स्वतंत्र पत्रं, दोन्ही मूळ प्रतीत.

सीमेवर क्रम असा: बाहेर पडताना आधी इमिग्रेशन, मग कस्टम्स, ज्याला तिथे 'आदुआना' म्हणतात. काही किमी पुढे दुसऱ्या देशाच्या नाक्यावर पुन्हा तेच, आणि चिलीत शिरताना त्यावर शेती खात्याची तपासणी. कस्टम्स गाडीसाठी तात्पुरत्या बाहेर जाण्याचा एक कागद देतं. तो चिलीत परतताना जमा करायचा असतो. हरवला तर नाक्यावरच अडकून पडाल. काचेच्या वरच्या पट्टीत खोचू नका, दार उघडताच तो वाऱ्यावर जातो. झिपच्या पिशवीत ठेवून ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका.

चिलीत प्रवेश करताना पर्यटक म्हणून नोंद झाल्याची चिठ्ठी मिळाली तर तीही जपा. परदेशी कार्डाने किंवा डॉलरमध्ये पैसे दिले की हॉटेलचा १९ टक्के कर माफ होतो, आणि त्यासाठी पासपोर्टसोबत ही चिठ्ठी दाखवावी लागते.

लहान नाक्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि बरेच रात्री बंद असतात. दुपारी तीनच्या आत पोहोचेल अशी आखणी करा.

व्हिसा आणि लायसन्स?

दोन्ही देशांचे नियम वेगळे आहेत आणि गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, विशेषतः अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयांसाठी. अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, चिलीची वकिलात दिल्लीत. तिथूनच खात्री करा. या मार्गावर चिलीत दोनदा प्रवेश होतो, म्हणून चिलीचा व्हिसा लागत असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच हवा. अर्जेंटिनात एकदाच शिरायचं आहे, पण फेरी चुकली तर वळसा अर्जेंटिनातूनच पडतो, म्हणून तिथेही तीच काळजी घ्या.

आंतरराष्ट्रीय परवाना तुमच्या आरटीओतून मिळतो, तो एक वर्ष चालतो, आणि सोबत मूळ लायसन्स लागतंच. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे. सवयीने चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना. त्यामुळे शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं. दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय महामार्गांवर दारूची मर्यादा शून्य आहे; चालकाने जेवणासोबतची वाइनही टाळायची.

खडीच्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची?

तिथे याला 'रिपिओ' म्हणतात, आणि सहलीचं यश-अपयश यावरच ठरतं. कारेतेरा आउस्ट्रालचं डांबरीकरण उत्तरेत बरंच झालंय. केउलातच्या घाटात आणि सेरो कास्तियो गावाच्या पुढे खडी आहे. रुता ४० आता बहुतेक डांबरी आहे, पण गोबेर्नादोर ग्रेगोरेस आणि त्रेस लागोस यांच्यामधला ७३ किमीचा तुकडा कुप्रसिद्ध आहे. स्थानिक लोक त्याला 'ते ७३ शापित' म्हणतात. पाऊस झाला की तिथे खडी संपून चिकट माती होते. ग्रेगोरेसच्या पंपावर रस्त्याची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वेग ४० ते ६०. रस्ता सरळ, रिकामा आणि रुंद दिसतो, म्हणून पाय आपोआप दाबला जातो. खडीवर टायर गोट्यांवर गाडी चालवल्यासारखे सरकतात. उलटण्याचा अपघात ठरावीक पद्धतीने होतो: गाडी हळूहळू कडेच्या सैल खडीत जाते, चालक दचकून स्टिअरिंग झटक्याने उलट फिरवतो, पुढचं चाक अचानक जमीन पकडतं आणि गाडी लोळते. गाडी कडेला सरकली तर स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ब्रेकला हात लावू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग पडल्यावरच हळू परत या.

रस्त्यावर चाकांच्या दोन-तीन पट्ट्या पडलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सैल दगडांचे वरंबे. पट्टी बदलायची तर आधी वेग तीसवर आणा. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. उतारावर खालचा गिअर. एबीएस असलेली गाडी खडीवर थांबायला जास्त अंतर घेते.

पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या रस्त्याला चिलीत 'कालामिना' आणि अर्जेंटिनात 'सेरुचो' म्हणतात. ७०-८० ला गेलं की खडखडाट कमी होतो हे खरं आहे. त्याचं कारण असं, की टायर लाटांच्या फक्त माथ्यांना शिवत जातो. म्हणजे जमिनीशी संपर्क निम्मा, आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निकामी. अशा पट्ट्यात २५-३० ने जा.

समोरून गाडी आली की वेग कमी करून उजवीकडे व्हा. दगड किती जोरात लागतो हे दोन्ही गाड्यांच्या वेगांच्या बेरजेवर ठरतं. काचेवर टिचकी पडली तर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे धूळ आणि पाणी आत जात नाही, आणि काचेवर हीटरचा गरम झोत सोडू नका. थंड काच अचानक तापली की टिचकीची भेग होते.

संध्याकाळी ग्वानाको सांभाळा. उंटाच्या कुळातला हा प्राणी कळपाने कुंपणावरून उड्या मारतो. एक गेला म्हणजे मागे आणखी आहेत असं समजूनच गाडी थांबवा.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा धरा. तो ३५ पीएसआय असेल तर लांब खडीसाठी २८ ते ३०. थोडा मऊ टायर धारदार दगडावर चेपतो, कडक टायर कापला जातो. २६ च्या खाली नको. टायरची बाजू फुगून दगडांना लागते, आणि बाजू फाटली की ती कुठेच दुरुस्त होत नाही. हवा सकाळी टायर गार असताना मोजा. तासभर चालल्यावर आकडा तीन-चारने वाढतो, तेव्हा हवा सोडू नका. डांबर लागलं की पुन्हा ३५. त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा लहान पंप आणि काट्याचं मापक विकत घ्या.

पंक्चर झालं तर?

या मार्गावर दोन गाड्यांना मिळून एखादं पंक्चर गृहीतच धरा. गाडी सपाट, कठीण जागी न्या. हँडब्रेक, पहिला गिअर, उरलेल्या चाकांना दगड. नट जॅक लावण्याआधीच पाव फेरा सैल करा. जॅकखाली साधारण ३० सेंटिमीटरची चौकोनी फळी ठेवा. ती नसेल तर जॅक खडीत रुततो आणि गाडी घसरून खाली येते. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकेल. नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करा आणि ५० किमीनंतर पुन्हा एकदा आवळा. खडीच्या खडखडाटाने ते सैल होतात.

पुढच्या गावात पहिलं काम पंक्चर काढण्याचं. त्या दुकानाला अर्जेंटिनात 'गोमेरिया' आणि चिलीत 'व्हुल्कानिसासिओन' म्हणतात. बऱ्याचदा एखाद्या घरासमोर रंगवलेला जुना टायर टांगलेला असतो, तीच खूण. स्टेपनी नसताना पुढचा टप्पा सुरू करू नका.

वाऱ्याचा एवढा बाऊ का करतात?

अर्जेंटिनाच्या बाजूला डोंगर संपून सपाट माळ सुरू झाला की वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. उन्हाळ्यात दुपारी ताशी ८०-१०० किमीचे झोत येतात.

सगळ्यात जास्त नुकसान दारांचं होतं. गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात, म्हणून वारा मागून आला की दार हातातून हिसकावलं जातं आणि पुढे बॉनेटकडे वाकतं. बिजागरी वाकली की दार पुन्हा बसत नाही, आणि उरलेले हजार किमी ते दोरीने बांधून जावं लागतं. उपाय: गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा. एका वेळी एकच दार उघडा. दाराची कड एका हाताने, चौकट दुसऱ्या हाताने धरा. समोरासमोरची दोन दारं एकाच वेळी उघडली तर वारा आरपार जातो आणि कागद, टोप्या, पासपोर्ट घेऊन जातो. मुलं असतील तर दार मोठ्यांनीच बाहेरून उघडायचं.

गाडी चालवताना दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग ६०-७०. मोठा ट्रक शेजारून जाताना क्षणभर वारा थांबतो, आणि तो गेला की एकदम बाजूने थप्पड बसते. त्या क्षणासाठी तयार राहा.

पेट्रोल कुठे मिळतं आणि काय मागायचं?

आधी शब्द पाठ करा. अर्जेंटिनात पेट्रोलला 'नाफ्ता' आणि डिझेलला 'गासॉइल' म्हणतात. चिलीत पेट्रोल म्हणजे 'बेन्सिना', आणि 'पेत्रोलेओ' म्हणजे डिझेल! पंपावर सवयीने 'पेट्रोल, पेट्रोल' म्हटलं की पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडू शकतं. चिलीत 'बेन्सिना नोव्हेंता इ त्रेस', म्हणजे ९३ चं, असं सांगा आणि नळीवरचं लेबल स्वतः पाहा. चुकून भरलंच तर इंजिन सुरू करू नका. टाकी रिकामी करावी लागते.

चैतेन, ला हुंता, पुयुआपी, कोयाइके, रिओ त्रांकिलो, कोक्रेन आणि चिले चिकोला पंप आहेत. अर्जेंटिनात पेरितो मोरेनो गाव, ग्रेगोरेस, त्रेस लागोस, एल चाल्तेन, एल कालाफाते आणि एस्पेरान्सा. बाहो काराकोलेसचा पंप नकाशावर दिसतो, पण तिथे इंधन संपलेलं असू शकतं, म्हणून तो हिशोबात धरू नका. तोरेस देल पाइनेच्या आत पंप नाही. नातालेसला टाकी भरून जा.

नियम एकच: टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरायची. समोरच्या वाऱ्यात मायलेज सहज पाव हिश्श्याने घसरतं. लिटरला १२ देणारी गाडी ९ देईल असं धरून ५० लिटरच्या टाकीवर ४५० किमी, आणि त्यातले १०० राखीव.

फेऱ्यांचं काय?

पुएर्तो मोंतनंतर पहिली फेरी ला आरेना ते पुएल्चे. ती अर्ध्या तासाची आहे आणि दिवसभर सुटत राहते. खरी काळजी दुसरीची. ओर्नोपिरेनहून बोट लेप्तेपूला जाते, तिथे उतरून १० किमी गाडी चालवायची, आणि फिओर्दो लार्गोहून दुसरी बोट कालेता गोन्सालोला पोहोचवते. तिकीट एकच, वेळ सुमारे पाच तास. जानेवारी-फेब्रुवारीत जागा कितीतरी आधी भरतात. दोन्ही गाड्यांचं तिकीट एकाच बोटीचं, एकाच वेळी काढा. तिकिटाला गाडीचा नंबर लागतो, आणि भाडे कंपनी तो बऱ्याचदा शेवटी देते; म्हणून नंबर नंतर बदलून मिळेल का हे फेरीच्या कार्यालयात आधीच विचारा.

तिकीट नाहीच मिळालं तर पुएर्तो मोंतहून चैतेनला रात्रभराची बोट आहे. तीही भरली तर ओसोर्नोहून सीमा ओलांडून बारिलोचे, एस्केल आणि फुतालेउफूमार्गे पुन्हा रुता ७ वर येता येतं. गाडीच्या अधिकारपत्रात ही जादा ये-जा आधीच घालून ठेवलेली बरी.

चैतेनला पोहोचल्यावर गावाचा अर्धा भाग नवा का दिसतो असा प्रश्न पडतो. २००८ च्या मे महिन्यात शेजारचा ज्वालामुखी जागा झाला, सगळं गाव हलवावं लागलं, आणि राखेने भरलेली नदी गावातून वाहिली.

कोक्रेनच्या पुढे व्हिया ओ'हिगिन्सपर्यंत जाऊन तिथून एल चाल्तेनला गाडीने जाता येतं का?

नाही. नकाशावर दोन्ही गावं शेजारी दिसतात म्हणून हा गैरसमज होतो. १,२४० किमीची कारेतेरा आउस्ट्राल ओ'हिगिन्सला संपते. पुढचा मार्ग बोट, पायवाट आणि सायकल यांचा आहे, गाडीचा नाही. ओ'हिगिन्सला जायचं तर कोक्रेनहून सुमारे २३० किमी आणि पुएर्तो युंगायची फेरी, आणि तेवढंच परत. तीन दिवस जास्तीचे असतील तरच जा. त्याऐवजी कालेता तोर्तेल पाहा: गावात रस्ते नाहीत, फक्त लाकडी पूल आणि जिने. गाडी वर उभी करून चालत उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या टोकाला खोली घेऊ नये, आणि मोठ्या बॅगा गाडीतच ठेवाव्यात.

संगमरवरी गुहा कधी पाहाव्यात?

हेनेराल कारेरा तलावातल्या या गुहा सकाळी पहिल्या बोटीने पाहाव्यात, रिओ त्रांकिलोहून. दुपारी तलावावर वारा चढतो आणि बोटी बंद होतात. म्हणून आदल्या रात्री गावातच मुक्काम करा.

नावांचा घोळ कसा टाळायचा?

पेरितो मोरेनो नावाचं एक गाव आहे, एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि एक हिमनदी आहे. तिन्ही वेगवेगळ्या जागी. हिमनदी एल कालाफातेजवळ आहे, गावापासून कित्येक शे किमी दक्षिणेला. नकाशात नुसतं नाव टाकून खोली घेतली तर चुकीच्या गावात पैसे अडकतात. सेरो कास्तियोही दोन: एक कोयाइकेच्या दक्षिणेचं गाव, दुसरं तोरेस देल पाइनेजवळचा सीमानाका. तलावांना दोन्ही देशांत वेगळी नावं आहेत: चिलीतला हेनेराल कारेरा म्हणजेच अर्जेंटिनातला बुएनोस आइरेस.

घरून खायला काय नेता येईल?

चिलीचं शेती खातं फार कडक आहे. अर्जात 'खाद्यपदार्थ आहेत' याच्यासमोर नेहमी 'हो' लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेल्या वस्तूला जबर दंड होतो, सफरचंद एकच असलं तरी. ताजी फळं-भाज्या, मध, घरचं तूप, पनीर, अख्खे मेथीदाणे आणि मोहरीसारखं बियाणं नेऊ नका. भाजलेलं, दळलेलं आणि सीलबंद असेल ते सहसा चालतं: मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पाकिटातले पोहे.

एल कालाफातेहून नातालेसला जाताना सीमा पुन्हा लागते. आदल्या रात्री उरलेल्या सगळ्या भाज्या आणि फळं शिजवून संपवा.

शाकाहारी माणसाचं निभतं का?

निभतं, पण स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने घ्या. त्यांना 'काबान्या' म्हणतात आणि चार-सहा जणांना ती हॉटेलपेक्षा स्वस्त पडतात. तांदूळ, मसूर, चणे, टोमॅटो, कांदा सगळीकडे मिळतं. कोयाइके आणि नातालेसला मोठी सुपरमार्केट आहेत. तिथेच आठवड्याचं भरा.

बाहेर खाताना नुसतं 'मांस नको' म्हणू नका, कारण हॅम आणि चिकन त्यात धरत नाहीत. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो' असं चारही म्हणा. आणखी एक खाचखळगा: 'मांतेका' म्हणजे अर्जेंटिनात लोणी, पण चिलीत डुकराची चरबी. चिलीतला घरगुती 'पान आमासादो' पाव बऱ्याचदा त्याच चरबीचा असतो. आधी विचारून घ्या.

चूल पेटवता येईल का?

गॅसची शेगडी फक्त ठरवून दिलेल्या जागी. उघडी आग नाही. पर्यटकांच्या निष्काळजीपणामुळे तोरेस देल पाइनेत २००५ मध्ये आणि पुन्हा २०११ च्या डिसेंबरात हजारो हेक्टर जंगल जळालं. त्या वाऱ्यात ठिणगी कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही, आणि तिथलं झाड वाढायला दशकं लागतात. उद्यानाची प्रवेशतिकिटं आधीच ऑनलाइन काढा. आत रेंज मिळत नाही.

पैसे आणि रेंज?

लहान गावांत इंटरनेट गेलं की कार्ड चालत नाही. प्रत्येक गाडीत तीन दिवस पुरेल इतकी रोकड ठेवा, दोन्ही देशांची. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या हव्यात. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि गटात एक उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असू द्या. खर्चाची वर्गणी एकाकडे जमा करा, वहीत लिहिणारा दुसरा असावा.

अपघात झाला तर?

चिलीत रुग्णवाहिका १३१, अग्निशमन १३२, पोलीस १३३. अर्जेंटिनात रुग्णवाहिका १०७, अग्निशमन १००, पोलीस ९११. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्या. चिलीत तिला 'कोन्स्तान्सिया' म्हणतात. ती नसेल तर विम्याचा दावा बहुधा अडतो.

उशुआइया जोडावं का?

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या या शहराला पुंता आरेनासहून जाऊन-येऊन किमान चार दिवस जास्तीचे असतील तर. वाटेत मॅगेलनची सामुद्रधुनी पुंता देल्गादाहून फेरीने ओलांडावी लागते. पार व्हायला वीस मिनिटं लागतात, पण जोराच्या वाऱ्यात फेरी तासन्‌तास थांबते. शिवाय जाताना आणि येताना सीमेचे सोपस्कार, आणि अधिकारपत्रात त्या तारखा आधीच हव्यात. विमान दुसऱ्या दिवशी असेल तर हा धोका पत्करू नका.

गाडी परत करताना काय करायचं?

आदल्या दिवशी दोन्ही गाड्या धुऊन घ्या, खालूनही. चिखलाने माखलेली गाडी दिली तर धुण्याचे वेगळे पैसे लागतात, आणि चिखलाखालचे जुने ओरखडे नंतर तुमच्या नावावर पडू शकतात. टायरची हवा मूळ आकड्यावर आणा, टाकी भरा, स्टेपनी-जॅक-त्रिकोण जागेवर ठेवा. मग पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून कर्मचाऱ्यासोबत गाडीभोवती फिरा आणि 'नवीन नुकसान नाही' अशी लेखी पोच सहीसकट घ्या, दोन्ही गाड्यांची वेगवेगळी.